थेंब चालू असले की बरं, बंद केले की डोळा परत लाल

आलेलं पत्र (थोडं छोटं करून देतेय):

"नमस्कार डॉक्टर. माझी आई ६८ वर्षांची आहे, शुगर नाही, बीपीची एक गोळी चालू आहे. पाच महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पहिला दीड महिना एकदम छान गेला, पेपर वाचायला लागली होती. मग डोळा थोडा लाल झाला, उजेड सहन होईना, धुरकट दिसायला लागलं, दुखत मात्र फारसं नव्हतं. सूज आहे म्हणाले, स्टेरॉइडचे ड्रॉप्स दिले, आठवड्यात बरं वाटलं. ड्रॉप्स कमी करत करत बंद केले की पंधरा दिवसांत परत तेच. असं तीनदा झालं. आता रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, डॉक्टरांकडे पाठवलंय. ते म्हणतात लेन्सच्या मागच्या पिशवीवर पांढरा थर दिसतोय, आत हळू वाढणारा जंतू असू शकतो, डोळ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवू, कदाचित पिशवीचा भाग आणि लेन्ससुद्धा काढावी लागेल. आई घाबरलीय, म्हणते डोळ्यात सुई नको, ड्रॉप्सने बरं वाटतं ना मग तेच चालू ठेवा. दादा म्हणतो ऑपरेशन करणाऱ्यांनीच निष्काळजीपणा केला, तक्रार करायची. आणि मला वेगळंच खातंय. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी तिचं डोकं धुऊन दिलं होतं आणि दोन-तीनदा दुपारचे थेंब घालायचे राहिले होते. माझ्यामुळे झालं का हे? दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, त्याचं काय करायचं?"

ताई, कारणं नंतर सांगते, आधी काय करायचं ते. आईंना घेऊन जा, डोळ्यातलं पाणी काढून तपासू द्या, आणि तोपर्यंत ड्रॉप्स आपल्या मनाने वाढवू पण नका आणि बंद पण करू नका. मी आईंचा डोळा बघितलेला नाही, त्यामुळे त्यांना नक्की काय झालंय हे पत्रावरून सांगणार नाही, पण थेंब चालू असले की बरं, बंद केले की परत लाल, तेही तीन वेळा, आणि वर पिशवीवर पांढरा थर, एवढं ऐकल्यावर माझ्या डोक्यात जो पहिला विचार येतो तोच तुमच्या रेटिनाच्या डॉक्टरांच्या डोक्यात आलाय. त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

आता जरा निवांत वाचा, कारण हे तुम्हाला नीट समजलं तर आईंना समजावणं सोपं जाईल.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत जंतू जाऊन जे इन्फेक्शन होतं त्याला एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. शब्द जड आहे, आपण सरळ आतलं इन्फेक्शन म्हणू. मुळात हे क्वचितच होतं, हजार ऑपरेशन्समागे एखाद-दुसऱ्याला, आणि नीट काळजी घेणाऱ्या ठिकाणी त्याहूनही कमी. पण याचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांपासून इतके वेगळे वागतात की एकाची माहिती असलेला माणूस दुसऱ्याला ओळखतच नाही, घरचेच कशाला, कधी कधी डॉक्टरसुद्धा.

पहिला प्रकार झपाट्याने येणारा. ऑपरेशननंतर पहिल्या पंधरवड्यात, बहुतेक वेळा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास, रोज सुधारत चाललेली नजर एकदम उतरते, डोळा लाल होतो, पापण्या सुजतात, बुबुळाच्या खालच्या बाजूला आत पांढरा पू साचलेला दिसतो. यात दिवस नाही, तास मोजायचे असतात. तुमच्या आईंचं हे नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते कारण यावरून लोक फसतात, सगळे दुखण्याची वाट बघत बसतात. अमेरिकेत अशा ४२० पेशंटचा एक मोठा अभ्यास झाला होता, १९९५ मध्ये तो छापून आला, त्यात धूसर दिसण्याची तक्रार ९४ टक्के लोकांची होती पण साधारण चौथा हिस्सा लोकांना दुखतच नव्हतं. म्हणजे दुखत नाही ना मग उद्या बघू, हे अजिबात चालणार नाही. ऑपरेशन झालेला डोळा लाल झाला आणि कालच्यापेक्षा आज कमी दिसतंय, एवढं पुरे आहे, त्याच दिवशी जायचं, सुट्टी असो नाहीतर रात्र असो. (ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच डोळा फार सुजला तर कधी कधी ते इन्फेक्शन नसतं, ऑपरेशनमध्ये वापरलेल्या कशाची तरी रिॲक्शन असते आणि ती स्टेरॉइडने बसते, पण हा फरक घरी बसून कळणारा नाही, त्यासाठी पण जावंच लागतं.)

आणि दुसरा प्रकार हा असा, गुपचूप येणारा. ऑपरेशन होऊन सहा आठवडे उलटून गेलेले असतात, कधी अनेक महिने, क्वचित वर्षसुद्धा. डोळा लालभडक नाही, नुसता लालसर. ठणका नाही. धुरकट दिसतं, उजेड टोचतो. डॉक्टर मशीनमधून बघतात तर आत सुजेच्या पेशी तरंगताना दिसतात, बुबुळाच्या आतल्या बाजूला बारीक बारीक ठिपके चिकटलेले असतात. यातला सगळ्यात नेहमीचा जंतू म्हणजे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, तोच जो आपल्या सगळ्यांच्या त्वचेत, तेलाच्या ग्रंथींत राहतो आणि ज्याचा पिंपल्सशी संबंध आहे. २०१६ पर्यंत त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणायचे, त्यामुळे रिपोर्टवर दोन्हीपैकी कुठलंही नाव आलं तरी गोंधळू नका, जंतू तोच.

तो एवढे महिने लपून कसा राहतो हे समजून घ्यायला डोळ्याची रचना थोडी बघावी लागेल. आपलं नैसर्गिक भिंग एका पातळ पारदर्शक पिशवीत असतं. मोतीबिंदू म्हणजे ते भिंग गढूळ होणं. ऑपरेशनमध्ये पिशवीला समोरून गोल खिडकी पाडतात, आतला गढूळ भाग फोडून ओढून घेतात, आणि पिशवी तशीच ठेवून तिच्यात नवी लेन्स बसवतात. पुढच्या काही आठवड्यांत पिशवी आक्रसते आणि लेन्सला चिकटते. आता लेन्स आणि पिशवी यांच्यामध्ये जी बारीक फट राहते ना, तिथे ऑक्सिजन कमी असतो, शरीराच्या लढणाऱ्या पेशी पोचत नाहीत, ड्रॉप्सचं औषध तर नाहीच नाही, आणि या जंतूला नेमकी अशीच कमी ऑक्सिजनची जागा आवडते. तो तिथे घर करतो, स्वतःभोवती चिकट थर बनवतो आणि हळूहळू वाढत राहतो. आईंच्या पिशवीवर दिसलेला पांढरा थर हे तेच घर असण्याची शक्यता आहे.

पूर्वी मोतीबिंदू पिशवीसकट बाहेर काढायचे, तेव्हा ही फटच नव्हती. १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली, पुढे पिशवी राखून ऑपरेशन करायची पद्धत सगळीकडे रुळली, आणि १९८६ मध्ये या जंतूच्या अशा रेंगाळणाऱ्या इन्फेक्शनचं वर्णन छापून आलं. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण आई विचारतील की आमच्या आधीच्या लोकांना असं काही झालेलं ऐकलं नाही. आधीच्या लोकांना ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्मा लावून आयुष्य काढावं लागायचं, आणि पिशवी राखल्यामुळे आज लाखो लोकांना स्वच्छ दिसतंय, त्याच पिशवीत फार थोड्या लोकांना हा त्रास होतो.

आता ड्रॉप्सचं. स्टेरॉइडने बरं वाटतं कारण स्टेरॉइड सूज दाबतं. सूज ही शरीराची जंतूशी चाललेली लढाई आहे, ती थांबवली की लाली जाते, उजेड टोचत नाही, नजर पण थोडी सुधारते, आणि सगळ्यांना वाटतं बरं झालं. पण जंतू मेलेला नसतो, राखेखाली निखारा असावा तसा तो तिथेच असतो. ड्रॉप्स बंद, की परत धग. आणि हे जितके महिने चालेल तितकं नुकसान वाढतं, कारण सतत सुजलेल्या डोळ्यात मागच्या पडद्यावर पाणी साचू शकतं, आणि स्टेरॉइड महिनोन् महिने घातलं तर काही लोकांच्या डोळ्याचं प्रेशर वाढतं, त्याने नस खराब होते. म्हणून आईंना हे नक्की सांगा की "तेच चालू ठेवा" हा सोपा मार्ग वाटतो पण तो डोळा वाचवायचा मार्ग नाही. मधल्या काळात प्रेशर तपासलं होतं का तेही विचारा.

इथे एक गोष्ट मला सांगायचीच आहे. मी नवीन होते तेव्हा एक आजी माझ्याकडे अगदी अशाच आल्या होत्या. मी दोनदा ड्रॉप्स दिले, दोनदा त्या हसत परत गेल्या, तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी परत तेच लिहून देत होते आणि त्यांनी माझा हात धरला, म्हणाल्या, अगं मुली, औषध आहे तोवर बरं आणि संपलं की आजार, मग हे औषध आजाराचं नाहीच की. त्यांनी मला निदान सांगितलं होतं खरं तर. मी त्याच दिवशी त्यांना सिनियरकडे पाठवलं, पिशवीच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका निघाला जो बाहुली पूर्ण मोठी केल्याशिवाय दिसत नव्हता आणि मी ती पूर्ण मोठी करून बघितलीच नव्हती. त्यांचा डोळा वाचला, पण तीन महिने उशिरा. तेव्हापासून तिसऱ्यांदा परत आलेली सूज मी फक्त सूज म्हणून कधीच सोडत नाही. आईंच्या पहिल्या डॉक्टरांनी पहिल्या वेळी ड्रॉप्स दिले यात मला काही चूक दिसत नाही, ऑपरेशननंतरची साधी सूज याच्यापेक्षा कितीतरी जास्त जणांना होते. दुसऱ्या वेळी थोडी शंका यायला हवी होती. तिसऱ्या वेळी त्यांनी पुढे पाठवलं, हे त्यांनी बरोबर केलं.

आता तुमच्या मनातलं. नाही ताई, तुमच्यामुळे नाही झालं. हा जंतू बहुतेक वेळा ऑपरेशनच्या वेळीच, पेशंटच्या स्वतःच्या पापणीवरून किंवा त्वचेवरून, लेन्ससोबत आत जातो. चौथ्या दिवशी डोकं धुतल्याने तो लेन्स आणि पिशवीच्या मधल्या फटीत जाऊन बसत नाही, आणि दुपारचे दोन-तीन थेंब राहिले म्हणूनही नाही, कारण तुम्ही एकही थेंब चुकवला नसता तरी ते औषध त्या फटीत पोचलं नसतं. पहिल्या आठवड्यात डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही हा नियम खरा आहे, जखम कच्ची असते, आणि पुढच्या वेळी तो पाळा, पण या आजाराचा दोष त्या दिवसाला देऊ नका. पाच महिने तुम्ही आईंना घेऊन फेऱ्या मारताय आणि मनात हे ओझं ठेवून मारताय, ते खाली ठेवा.

आणि दादांना काय सांगाल. १९९१ मध्ये एक अभ्यास झाला होता ज्यात आतलं इन्फेक्शन झालेल्या १७ पेशंटच्या डोळ्यातला जंतू आणि त्याच पेशंटच्या पापणी, नाक वगैरे ठिकाणचे जंतू जनुकीय पातळीवर ताडून बघितले, आणि १४ जणांमध्ये ते जुळले. म्हणजे बहुतेक वेळा जंतू बाहेरून कोणी आणलेला नसतो, आपल्याच अंगावरचा असतो. कितीही साफ केलं तरी पापणीच्या ग्रंथींत खोल राहणारे सगळे जंतू मारता येत नाहीत. पण म्हणून हॉस्पिटलची कधीच चूक नसते असंही मी म्हणणार नाही. एकाच दिवशी, एकाच टेबलवर ऑपरेशन झालेल्या दोन-चार जणांना इन्फेक्शन झालं तर ते पेशंटच्या अंगावरचं नसतं, तेव्हा डोळ्यात वापरलेलं पाणी, मशीनच्या नळ्या, निर्जंतुक करायची भट्टी यात काहीतरी बिघडलेलं असतं, स्युडोमोनाससारखे भयंकर जंतू असेच एकदम अनेक डोळ्यांत शिरलेत आणि ते डोळे वाचवणं फार कठीण जातं. तेव्हा दादांनी शांतपणे एकच प्रश्न विचारावा, त्या दिवशीच्या बाकीच्या पेशंटना काही त्रास झाला का? हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि चांगलं हॉस्पिटल त्याचं सरळ उत्तर देतं. बाकी भांडण असेलच तर डोळा शांत झाल्यावर, आत्ता तुम्हाला त्यांच्याकडून सगळे कागद हवे आहेत.

आता सुई, ज्याला आई घाबरल्यात. ऐकायला वाटतं तसं ते नसतं. डोळा पूर्ण बधिर करतात, पोव्हिडोन आयोडीनने साफ करतात, आणि अगदी बारीक सुईने पुढच्या कप्प्यातलं किंवा मागच्या जेलमधलं (लेन्सच्या मागे डोळा ज्याने भरलेला असतो ते) पाणी काढतात, एक-दोन थेंब म्हणावं इतकंच. दाब जाणवतो, कापल्यासारखं दुखत नाही, काही मिनिटांचं काम. बऱ्याचदा त्याच वेळी अँटिबायोटिक आत सोडतात. ते आतच का सोडायचं, गोळ्या का नाहीत, हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. डोळ्याच्या आतल्या भागाभोवती शरीराने एक कडक पहारा ठेवलाय, रक्तातलं औषध तिथे पुरेसं उतरत नाही. तो ४२० पेशंटचा अभ्यास सांगितला ना मगाशी, त्यात शिरेतून अँटिबायोटिक दिलेल्या लोकांना न दिलेल्यांपेक्षा काही जास्त फायदा झालेला दिसला नाही, अर्थात तो झपाट्याच्या प्रकारावरचा अभ्यास होता आणि त्यात वापरलेल्या औषधांपुरतं ते खरं. या जंतूवर सहसा व्हँकोमायसिन वापरतात, १ मिलिग्रॅम, तेही ०.१ मिलिलिटर पाण्यात. एवढंसं औषध, पण नेमकं जिथे हवं तिथे.

सॅम्पल घेतलं की तुमचं एक काम आहे आणि ते फार महत्त्वाचं आहे. डॉक्टरांना विचारा की लॅबला सांगितलंय का, ऑक्सिजनशिवायचं कल्चर (म्हणजे सॅम्पलमधला जंतू वाढवून बघायची तपासणी) लावा आणि ते किमान १४ दिवस ठेवा. नेहमीचं कल्चर काही दिवस ठेवून "काही वाढलं नाही" म्हणून बंद करतात, आणि हा जंतू इतका संथ आहे की तोपर्यंत तो दिसायलाच लागलेला नसतो. पीसीआर होत असेल तर तेही विचारा, त्यात जंतूचा डीएनए शोधतात, जिवंत वाढायची वाट बघावी लागत नाही. आणि रिपोर्टमध्ये काही आलं नाही तर "म्हणजे जंतू नव्हताच" असं समजून आईंना घरी आणू नका. झपाट्याच्या प्रकारात, जिथे जंतू भराभर वाढतात, तिथेसुद्धा त्या अभ्यासात साधारण ३० टक्के सॅम्पल्समध्ये पक्कं काही वाढलं नव्हतं. पुढे पिशवीचा तुकडा काढला तर तो पण लॅबला जायला हवा, फेकून द्यायचा नाही, कारण जंतू पाण्यापेक्षा तिथेच जास्त सापडतो.

दुसरं काही पण निघू शकतं हे मनाची तयारी म्हणून सांगते. त्वचेवरचा साधा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस कधी कधी असाच रेंगाळतो. टीबीच्या जंतूचे लांबचे नातेवाईक आहेत, मायकोबॅक्टेरियम चेलोनी वगैरे, ते नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. नोकार्डिया नावाचा एक जंतू आहे. बुरशी असू शकते, आणि बुरशी असली तर स्टेरॉइडने ती आणखी पसरते. आणि कधी कधी जंतू नसतोच, मोतीबिंदूचा एखादा तुकडा मागे राहिलेला असतो किंवा लेन्सची कड बुबुळाला घासत असते. म्हणूनच मी सुईसाठी एवढी मागे लागलेय. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे आणि बाहेरून बघून सगळे एकसारखेच दिसतात.

आता ऑपरेशन. फक्त इंजेक्शन देऊन थांबलं तर या जंतूच्या बाबतीत आजार परत यायचं प्रमाण खूप जास्त आहे, कारण घर तसंच राहतं. मागचं जेल काढून म्हणजे व्हिट्रेक्टॉमी करून, पिशवीचा पांढरा भाग कापून काढला आणि मग औषध सोडलं तर ते बरंच कमी होतं. आणि पूर्ण पिशवी आणि लेन्स काढली तर परत येण्याची शक्यता सगळ्यात कमी. डॉक्टर बहुतेक मधल्या पायरीपासून सुरुवात करतील, लेन्स राखता आली तर राखतील, परत आलंच तर लेन्स काढतील, तर काही जण थर फार पसरलेला असेल तर पहिल्यांदाच काढतात. दोन्ही मार्गांना आधार आहे, डोळा बघणाऱ्याने ठरवायचं. तुम्ही फक्त विचारा की तुमचा विचार काय आणि का.

आईंना लेन्स काढणं म्हणजे डोळा जाणं वाटत असेल. तसं नाही. लेन्स काढली तर दुसरी बसवता येते, त्याच वेळी नाहीतर डोळा शांत झाल्यावर काही महिन्यांनी, पिशवी नसली तरी डोळ्याच्या पांढऱ्या भागाला किंवा बुबुळाला आधार देऊन बसवायच्या पद्धती आहेत. मधला काळ अडचणीचा असतो, त्या डोळ्याने फार धूसर दिसतं, जिने उतरताना हात धरावा लागतो, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. व्हिट्रेक्टॉमीत पडदा सुटण्याचा थोडा धोका असतो हे पण खरं आहे, डॉक्टर सही घेताना सांगतीलच. पण एक दिलासा आहे आणि तो खोटा नाही, हा जंतू संथ आहे तसाच सौम्यही आहे, झपाट्याच्या इन्फेक्शनमध्ये स्ट्रेप्टोकोकससारखे जंतू दोन दिवसांत पडदा जाळून टाकतात तसं हा करत नाही, नीट उपचार झाले तर यातल्या बऱ्याच लोकांना पुढे चांगलं वाचता येतं.

एक सावधगिरी. या काळात दुसऱ्या कोणी सांगितलं की पिशवी धूसर झालीय, लेझर मारला की स्वच्छ दिसेल, तर तो लेझर आत्ता करून घेऊ नका. एरवी तो अगदी चांगला उपाय आहे, पण आत जंतूची शंका असताना पिशवीला भोक पाडलं तर कोंडलेल्या जंतूला मागच्या जेलमध्ये जायला वाट मिळते.

दुसऱ्या डोळ्याची घाई नको. या डोळ्याचं इन्फेक्शन त्या डोळ्यात उडी मारत नाही, घरात कोणाला लागतही नाही, नातवंडांना जवळ घ्यायला काही हरकत नाही. पण उजवा डोळा ड्रॉप्सशिवाय काही महिने शांत राहिला की मगच डावा करा, आणि तोवर आईंच्या पापण्या तपासून घ्या, कडांना कोंडा असतो का, सकाळी चिकटतात का, डोळ्यातून सारखं पाणी येतं का. पापण्यांची सूज किंवा अश्रूंची नळी बंद असेल तर ते आधी बरं करायचं. नवीन डॉक्टर असले तर पहिल्या डोळ्याचं सगळं सांगा, लपवू नका. आणि दोन गोष्टी विचारा. ऑपरेशनआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन घालून काही मिनिटं थांबता का, आणि शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडता का. या दुसऱ्या गोष्टीवर युरोपात ९ देशांमध्ये १६ हजारांहून जास्त पेशंटचा अभ्यास झाला, २००७ मध्ये आला, ऑपरेशनच्या शेवटी सेफ्युरोक्झिम आत सोडल्याने इन्फेक्शनचा धोका जवळजवळ पाचपट कमी झाला होता. अरविंद नेत्र रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मॉक्सिफ्लॉक्सॅसिनचा असाच हिशोब ६ लाखांहून जास्त ऑपरेशन्सवर मांडला, २०१७ मध्ये, तिथे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलं. एवढ्याशा थेंबाने हे होतं, म्हणून विचारायला लाजू नका.

घरी रोज सकाळी एक करा. एकाच खुर्चीत, खिडकीच्या उजेडात, डावा डोळा तळहाताने झाकून उजव्याने समोरचं कॅलेंडर वाचायला सांगा, कुठली ओळ दिसते ते वहीत लिहा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याला सांभाळून घेतो आणि नजर उतरलेली आठवडाभर कळत नाही. एक ओळ जरी कमी झाली, डोळा एकदम जास्त लाल झाला, दुखायला लागला, काळे ठिपके किंवा पडदा सरकल्यासारखं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा. घरात जुनी ड्रॉप्सची उघडी बाटली असेल तर टाकून द्या, पण टाकायच्या आधी तिच्यावरचं नाव लिहून घ्या.

आणि जाताना पहिल्या ऑपरेशनचं कार्ड, लेन्सचं स्टिकर असलेला कागद, आणि एका पानावर तारखा, कुठला ड्रॉप कधी सुरू, कधी कमी, कधी बंद, बंद केल्यावर किती दिवसांनी लाल झालं, एवढं घेऊन जा. तुम्ही मला पत्रात जे लिहिलंत तेच, फक्त तारखा घालून. सॅम्पल घ्यायच्या आधी ते पान डॉक्टरांच्या हातात द्या, आणि आईंना सांगा की आत मी सोबत येऊ का हे मी विचारणार आहे, बऱ्याच ठिकाणी दारापर्यंत तरी येऊ देतात.